शाळेंतील काष्ठतरंग व त्याची निगा

संगीताच्या तासाला मुलें रांगेनें बसलेलीं असतात, समोर लहानमोठे काष्ठतरंग मांडलेले असतात, शिक्षकांच्या खुणेबरोबर टोले पडूं लागतात. आणि मध्येंच एक पट्टी गाण्याऐवजीं नुसती 'ठक्' करते. ज्या मुलाच्या वांट्याला ती आलेली असते तें ओशाळतें, कारण चूक आपली कीं वाद्याची हें त्याला उमगत नाहीं. पुढच्या महिन्यांत आणखी एक पट्टी मुकी होते. वर्षा-दोन वर्षांत तें वाद्य कपाटावर चढतें आणि त्यावर नकाशांच्या गुंडाळ्या येऊन पडतात. वस्तुतः त्यांतील लांकूड बहुधा शाबूत असतें. कुजलेलें असतें तें त्याखालचें दमडीचें रबर.

पेटीवर बसविलेला हा काष्ठतरंग शाळेंत आला तो म्युनिकहून. 1924 सालीं त्या शहरांत डोरोथी गुंटर या बाईंनीं व संगीतकार कार्ल ऑर्फ यांनीं व्यायाम, नृत्य व संगीत एकत्र शिकविणारी एक शाळा काढली. तेथील विद्यार्थ्यांना फारशा पूर्वतयारीवांचून वाजवितां येईल असें वाद्य ऑर्फ यांस हवें होतें. हार्प्सिकॉर्ड बनविणारे कार्ल मेंडलर यांनीं तें त्यांना घडवून दिलें. महायुद्धांत ती शाळा वाद्यांसकट नष्ट झाली. पुढें 1948 सालीं बव्हेरियाच्या नभोवाणीवरून ऑर्फ व गुनिल्ड केटमन यांचे मुलांसाठीं कार्यक्रम सुरू झाले, ते ऐकून मुलांना व शिक्षकांना तशीं वाद्यें हवींशीं झालीं, आणि क्लाउस बेकर यांनीं 1949 मध्यें त्यांचा कारखाना काढला. एका अर्थीं आजचा शालेय काष्ठतरंग हें नभोवाणीचेंच अपत्य होय. आपल्याकडील वाद्यवृंदांत व चित्रपटसंगीतांत काष्ठतरंग ऐकलेला असतोच. त्याचें व या वाद्याचें मूळ तत्त्व एकच आहे.

पट्टी गाते कशी तें आधीं पाहिलें पाहिजे, कारण दुरुस्तीचें सारें मर्म त्यांत आहे. मध्यावर टोला बसतांच पट्टी धनुष्यासारखी वाकते. मध्य खालीं जातो तेव्हां दोन्ही टोंकें वर उठतात आणि लगेच उलट घडतें. हे हेलकावे एका सेकंदांत शेंकडों वेळां होतात. परंतु त्यांतही पट्टीच्या अंगावर दोन जागा अशा असतात कीं त्या जवळजवळ हालतच नाहींत. त्यांस निस्पंद बिंदू म्हणूं. सारख्या जाडीच्या पट्टींत ते प्रत्येक टोंकापासून एकंदर लांबीच्या शेंकडा 22.4 अंतरावर येतात. म्हणजे 30 सेंटिमीटरांच्या पट्टींत सुमारें 6.7 सेंटिमीटरांवर. पट्टी पोटाकडून कमानीसारखी कोरलेली असली तर ही जागा किंचित् सरकते, म्हणून मोजपट्टीपेक्षां मीठ बरें. पट्टी दोन मऊ आधारांवर ठेवून वर बारीक मीठ भुरभुरावें व मध्यावर हलके टोले देत राहावें. कण उड्या मारीत मारीत दोन आडव्या रेघांत येऊन स्थिरावतात. त्या रेघा म्हणजेच निस्पंद बिंदू. हा प्रयोग मुलांसमोर करण्याजोगा आहे. वर्गांतील सर्वांत खोडकर मूलही तेवढा वेळ गप्प बसतें.

पट्टीला आधार पाहिजे तो याच दोन जागीं, आणि तोही मऊ. अन्यत्र कोठेंही कांहीं टेकलें तर घंटेवर हात ठेवून ती वाजविल्यासारखें होतें. एका टोंकाकडील भोंकांतून खिळा वर येतो, दुसरें टोंक दोन खिळ्यांच्या मध्यें मोकळें बसतें. खिळ्यांवर रबरी नळीचे तुकडे चढविलेले असतात व खालीं नमद्याची किंवा दोरीची गादी असते. रबर उन्हानें व काळानें कडक होऊन तडकतें, नाहीं तर चिकट होऊन पट्टीला धरून बसतें. नमदा दबून बोडका होतो. मग पट्टी धातूवर आदळते, खरखरते किंवा मुकी होते.

तेव्हां परीक्षा अशी करावी. मुकी पट्टी उचलून एका निस्पंद बिंदूशीं अंगठा व बोट यांच्या चिमटींत सैल धरावी आणि मध्यावर काठीनें टोला द्यावा. हातांत ती गायली तर दोष पेटींतला आहे. हातांतही ठक् वाजली तर लांकडास चीर गेलेली असण्याचा संभव मोठा. चिरलेली पट्टी सरसानें सांधून पूर्वीसारखी क्वचितच गाते. अशा वेळीं वाद्याचा नमुना व सुराचें नांव कळवून कारखान्याकडून नवी मागविणें हाच मार्ग. पेटींतला दोष मात्र घरच्या घरीं निघतो. जुनें रबर काढून खिळ्यावर घट्ट बसेल, पण पट्टीच्या भोंकांत अडकणार नाहीं, अशा जाडीची नळी कापून घालावी; वाकलेला खिळा पक्कडीनें हलकेच सरळ करावा; पेटी उपडी करून खडूचे तुकडे व पडलेले खिळे झाडून टाकावे. खरखर पुष्कळदां एवढ्यानेंच जाते.

दुर्लक्षापेक्षां उत्साहाची दुरुस्ती अधिक घातक ठरते. मुलें पट्ट्या काढतात म्हणून सुतार बोलावून त्या स्क्रूनें आवळून टाकल्या, कीं वाद्य संपलें. झळाळी यावी म्हणून दिलेला रोगणाचा जाड थर पट्टीचें वजन वाढवितो व तिचा नाद दाबतो. सुरांचीं नांवें लिहिलेले कागद पट्टीच्या मध्यावर डकविण्याचाही मोह होतो. तें काम करणेंच असेल तर कागद लहान घ्यावा व निस्पंद बिंदूपाशीं लावावा. हें लांकूड कांहीं रद्दी नव्हे. चांगल्या पट्ट्या शिसवाच्या कुळांतील लांकडाच्या असतात. त्या कुळांतील सर्व जाती 2017 सालीं आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंधांच्या यादींत आल्या, आणि 2019 मध्यें तयार वाद्यांना बहुतांशीं सूट मिळाली तरी तसें लांकूड मिळविणें सोपें राहिलेलें नाहीं.

सूर उतरला वा चढला असेल तर? हार्मोनियम जुळविणारा कारागीर पितळी जिभेचें टोंक खरवडून सूर चढवितो व मूळ खरवडून उतरवितो. येथेंही न्याय तोच: टोंकाकडील लांकूड घासलें कीं वजन घटून सूर चढतो, पोटाखालीं मध्यावर घासलें कीं ताठपणा घटून सूर उतरतो. परंतु घासलेलें लांकूड परत चिकटत नाहीं. कानस हातीं घेण्यापूर्वीं ऋतू पाहावा. पावसाळ्यांत लांकूड ओल पितें, जड व किंचित् लवचीक होतें, सूर थोडा उतरतो आणि नाद मंदावतो. हवा कोरडी झाली कीं बहुधा आपोआप पूर्ववत् होतो. श्रावणांत घासलेली पट्टी माघांत बेसूर व्हावयाची.

पोलादी पट्ट्यांना घामानें गंज चढतो, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें पुसून क्वचित् तेलाचा हात फिरवावा. त्यांच्या टणक डोक्याच्या काठ्या लांकडी पट्ट्यांवर कदापि वापरूं नयेत, त्यांनीं लांकडास खळगे पडतात. लांकडाला लोंकरीच्या किंवा रबराच्या डोक्याची काठी हवी. आणि पट्टी काढावयाची ती दोन्ही हातांनीं, दोन्ही टोंकें एकदम, सरळ वर. एकाच टोंकाला धरून उपटली कीं खिळा वांकलाच म्हणून समजावें. मुलांना ही रीत पहिल्या दिवशीं शिकविली तर वर्षभर पक्कड लागत नाहीं.

उन्हाळ्याच्या सुटींत पेटी खिडकीखालीं न ठेवतां पट्ट्या सुरांच्या क्रमानें कापडांत गुंडाळून सावलींत ठेवाव्या. जून महिन्यांत कपाट उघडल्यावर एकेक पट्टी चिमटींत धरून वाजवून पाहावी, रबर चाचपावें, आणि मगच मुलांना आंत बोलवावें.