बाटलीतलं बाळ

काचेची एक बाटली, तिच्यात एक जलबालक आणि बाटलीवर वाकलेले दोन पोक्त प्रोफेसर. चार्ल्स किंग्जलीच्या 'द वॉटर-बेबीज'च्या 1885 सालच्या आवृत्तीतलं हे चित्र लिन्ली सॅम्बर्नचं. 'पंच' साप्ताहिकाच्या या व्यंगचित्रकाराने त्या पुस्तकासाठी शंभर चित्रं काढली. मुलांना इथे नुसते दोन विचित्र म्हातारे दिसत असतील; वडीलमंडळी मात्र ओळखायची. एक रिचर्ड ओवेन, दुसरा थॉमस हक्सले.

दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याएवढं! मेंदूतला 'हिप्पोकॅम्पस मायनर' हा उंचवटा फक्त माणसाला असतो, वानराला नाही, हा ओवेनचा दावा. हक्सलेने वानरांच्या मेंदूंचे दाखले देऊन तो खोडून काढला. माणूस आणि वानराच्या नात्यावरचं, म्हणजे पर्यायाने डार्विनच्या उत्क्रांतिवादावरचं, हे भांडण 1860 नंतरची दोन-तीन वर्षं चव्हाट्यावर होतं. किंग्जलीने 1863 च्या पुस्तकात त्या हिप्पोकॅम्पसचा चक्क पाणघोडा करून टाकला. वर, जलबालक सापडतं तर त्याचे दोन तुकडे करून एकेक या दोघांकडे पाठवले असते, अशी कोपरखळीही मारली. सॅम्बर्नने बाळ अखंड ठेवलं आणि दोघांना एकाच बाटलीपाशी आणून उभं केलं. तोवर किंग्जलीला जाऊन दहा वर्षं झाली होती. हे दोघे मात्र हयात होते.

एकदा अशी खूण सापडली, की जिथे तिथे डार्विन दिसायला लागतो. 'ॲलिस'च्या 1865 च्या चित्रांत जॉन टेनिएलने प्राण्यांच्या घोळक्यात एक वानर घुसवलं आहे; मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. झालं, तो डार्विनवर टोमणा ठरला! मला काही पटत नाही. हुबेहूब तसंच तोंड टेनिएलने 1856 मध्येच 'पंच'मध्ये नेपल्सच्या राजाला चिकटवलं होतं, आणि डार्विनचा ग्रंथ आला 1859 मध्ये. सॅम्बर्नला डार्विन काढायचा होता, तेव्हा त्याने तो लपवला नाही. 1882 च्या 'पंच'च्या पंचांगात गांडुळापासून थेट डार्विनपर्यंतची वंशावळ उघड उघड काढली.

बाटलीचं चित्र सगळ्यात गंभीरपणे पाहिलं ते हक्सलेच्या नातवाने. 1892 मध्ये, पाच वर्षंही पुरी न झालेल्या ज्युलियनने आजोबांना पत्र लिहून विचारलं : तुम्ही जलबालक पाहिलंय का? बाटलीत तुम्हीच घातलंत? मला कधी दाखवाल? नातवाला वाचता यावं म्हणून आजोबांनी सुट्या, छापील वळणाच्या अक्षरांत उत्तर धाडलं. पाण्यातली बाळं पाहिली आहेत, बाटलीतलीही पाहिली आहेत. पण पाण्यातलं बाळ बाटलीत नव्हतं आणि बाटलीतलं पाण्यात नव्हतं, तेव्हा खात्रीने काही सांगता येत नाही.