नवे फोटोग्राफर येतात कुठून? ढाक्याचा दाखला

शिकागोत लोकांची मुलं सांभाळून पोट भरणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी लाखाहून अधिक फोटो काढले. गोदामाचं भाडं थकल्यामुळे २००७ साली त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, निगेटिव्ह खरेदीदारांच्या हाती पडल्या आणि आज मायर यांची गणना विसाव्या शतकातल्या मोठ्या फोटोग्राफरांत होते. ही हकिगत इतक्यांदा सांगितली गेली आहे, की नव्या फोटोग्राफरचा शोध असाच लागतो, असा समज रूढ झाला: गुणी माणूस कुठंतरी दडलेला असतो आणि एक दिवस पारख्याची नजर त्याच्यावर पडते. पण २००९ मध्ये मायर वारल्या, तोवर त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांच्या निगेटिव्ह रद्दीत गेल्या, त्यांची तर गणतीच नाही. नवे फोटोग्राफर पुढे यायचे असतील, तर त्यांना शिकवणारी, काही वर्षं पोसणारी आणि त्यांचं काम लोकांसमोर मांडणारी व्यवस्था लागते, असं माझं म्हणणं आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा ढाक्यात आहे. बांगलादेश म्हणजे पूर आणि उपासमार, हे चित्र जगाच्या मनात ठसवलं ते मुख्यतः बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरांनी. ते बदलण्यासाठी बांगलादेशी फोटोग्राफर शहिदुल आलम यांनी १९८९ मध्ये ‘दृक’ ही फोटोसंस्था, १९९८ मध्ये ‘पाठशाला’ ही फोटोग्राफीची शाळा आणि २००० मध्ये ‘छबी मेला’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव उभा केला. महोत्सवातले फोटो सायकलरिक्षांवर लावून ढाक्याच्या गल्ल्यांतून फिरवले गेले, म्हणजे प्रेक्षकही घडवला गेला. फोटोग्राफर तस्लिमा अख्तर याच पाठशालेत शिकल्या. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. ढिगाऱ्यात कमरेपर्यंत गाडलेले स्त्री-पुरुष एकमेकांच्या मिठीत आहेत आणि पुरुषाच्या डोळ्यातून रक्ताचा ओघळ अश्रूसारखा उतरला आहे, हा अख्तर यांचा फोटो जगभर गेला. तो नशिबाने मिळाला असं वाटेल. पण कपडा कामगारांच्या संघटनेत त्या आधीपासून होत्या, त्या कामगारांच्या जगण्याचे फोटो काढत होत्या. त्या ढिगाऱ्यापाशी त्यांचं असणं हे त्या कामाचाच भाग होतं.

शाळा आली की साचा येतो, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. गरिबीचे कृष्णधवल फोटो हा दक्षिण आशियाई फोटोग्राफीचा ठरावीक माल झाला, ही तक्रार खरीच आहे. पण त्याच पाठशालेत घडलेल्या सरकार प्रतीक यांनी आपल्या थकलेल्या आजीआजोबांचे जे फोटो काढले, त्यांत पांढुरक्या उजेडात भिंती, पडदे आणि माणसं जवळपास विरघळून गेलेली दिसतात. साचा मोडायलाही आधी शेजारी बसून भांडणारे सहाध्यायी लागतात. दुसरा आक्षेप मोबाइलचा: आता प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आणि प्रत्येकाला प्रेक्षक आहे, मग संस्था कशाला? एखादा चांगला फोटो मोबाइलवर कुणालाही साधेल. एकाच विषयाला पाच वर्षं चिकटून राहणं, त्यातले नव्वद टक्के फोटो बाजूला काढणं आणि उरलेल्यांची मालिका लावणं मात्र कुणीतरी खडसावणारं असल्याशिवाय क्वचितच जमतं.

आपल्याकडे, मुंबईत, फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, ते वृत्तपत्रातली नोकरी सांभाळत. तशा नोकऱ्या आता आटत चालल्या आहेत. दुसरी वाट फेलोशिपची: तामिळनाडूत मासे विकणाऱ्या आईचा मुलगा, फोटोग्राफर एम. पळनी कुमार, ग्रामीण भारतावरच्या ‘परी’ या संकेतस्थळाचा २०१९ सालचा फेलो झाला. आज तो कष्टकऱ्यांच्या मुलांना कॅमेरा शिकवतो. तसंच महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा दैनिकाने, एखाद्या साखर कारखान्याच्या शिक्षणसंस्थेने किंवा दिवाळी अंकानेच दरवर्षी एका तरुणाला एका विषयासाठी बारा महिन्यांचं मानधन द्यावं आणि त्याचे फोटो त्याच गावच्या एसटी स्टँडवर लावावेत. त्याला फार मोठी रक्कम लागणार नाही. निवडसमितीत मात्र त्या गावचा निदान एक माणूस हवा.