नदी निळी नसते

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज बोलूया उघड्यावर बसून चित्र काढण्याबद्दल. लोक त्याला ध्यान म्हणतात, साधना म्हणतात. त्यात खरंच काही आहे की नुसतं रीलपुरतं बोलणं आहे, हा माझा प्रश्न होता.

माझी पात्रता आधीच सांगतो. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी. एलिमेंटरीच्या परीक्षेलाही मी बसलो नव्हतो.

गेल्या डिसेंबरात एका मित्राबरोबर मेणवलीला गेलो. वाईच्या जवळच, कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि काळ्या दगडाचा घाट. ‘स्वदेस’ पाहिला असेल तर हा घाट तुम्ही पाहिलाय. मित्र जलरंगात काम करतो. त्याने मला कागद, ब्रश, पाण्याचा डबा दिला आणि म्हणाला, बस.

मी बसलो आणि नदी निळी रंगवली.

मान वर न करता तो म्हणाला, ‘निळी कुठे दिसतेय तुला?’

मग बघितलं. पाणी शेवाळी हिरवं होतं, घाटाच्या सावलीत जवळजवळ काळं, आणि मधे आभाळाचा एक पांढुरका पट्टा. निळा कुठेच नव्हता. म्हणजे अर्धा तास नदीसमोर बसून मी नदी बघितलीच नव्हती. डोक्याने ‘नदी’ हे लेबल वाचलं आणि कॅशमधून निळा रंग काढून दिला.

सगळा खेळ इथेच आहे. एरवी आपलं काम लेबलांवर भागतं. झाड, रस्ता, माणूस, पुढे चला. चित्र काढताना लेबलाचा काही उपयोग होत नाही. ‘झाड’ रंगवता येत नाही. हा उजेडाचा तुकडा, ही त्याखालची सावली, एवढंच रंगवता येतं. म्हणून चित्रकार डोळे बारीक करून बघतात. बारकावे पुसट होतात, उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात.

त्यात जलरंग हट्टी. पांढरा रंग सहसा लावतच नाहीत, पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. म्हणजे काय करायचं नाही हे आधी ठरवायचं. कागद ओला असताना दुसरा रंग लावला तर तो पसरतो, वाळल्यावर लावला तर कड धरतो. मधल्या अवस्थेत हात घातला की डाग पडतो. कंट्रोल-झेड नाही. वर ऊन थांबत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे दीड तासात सावल्या चांगल्याच सरकतात. म्हणून सावल्या आधी पक्क्या करायच्या आणि नंतर सूर्याच्या मागे पळायचं नाही. हे मला अजून जमत नाही.

फ्रान्समधल्या सेझानने सेंट-व्हिक्टोआर हा एकच डोंगर वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा रंगवला. १९०६च्या ऑक्टोबरात बाहेर चित्र काढताना तो वादळात सापडला, कोसळला आणि थोड्याच दिवसांत गेला. एकाच डोंगराकडे इतकं काय बघायचं, हे मला पूर्वी कळलं नसतं.

योगसूत्रांत धारणा आणि ध्यान असे दोन वेगळे शब्द आहेत. मन एका जागी बांधणं ही धारणा. ते तिथेच अखंड वाहत राहणं म्हणजे ध्यान. मेडिटेशन ॲप लावून माझी गाडी धारणेतच बंद पडायची, चार मिनिटांत हात फोनकडे. घाटावर दोन तास गेले आणि फोन बॅगेत आहे हेही आठवलं नाही. कारण साधं असावं: मनाला ‘गप्प बस’ म्हणण्यापेक्षा ‘त्या पायरीची कड बघ’ म्हटलेलं त्याला कळतं.

आता जे सांगायचं की नाही, ठरत नव्हतं ते. तेव्हा बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांचा चेहरा आठवायला गेलो की फक्त फोटो आठवायचे. व्हॉट्सॲपचा डीपी, आधार कार्ड, हार घातलेला तो. हलणारा, बोलणारा चेहरा येतच नव्हता. याची मला भीती वाटायची आणि मी कोणाला बोललो नव्हतो. घाटावर कळलं, बाबांनाही मी नदीसारखंच बघत आलो होतो. लेबल वाचून.

चमत्कार वगैरे झाला नाही. चित्रही वाईटच झालं. पायरीवरच्या एका पोराने विचारलं, ‘दादा, ही म्हैस आहे का?’ तो वाडा होता. पण नंतर जात राहिलो. चौथ्या वेळी ओल्या दगडाची चमक सोडून भोवतीची सावली भरत होतो, आणि एकदम बाबांची बोटं दिसली. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणारी. ती कुठल्याच फोटोत नाहीत. ब्रश धुवायच्या पाण्यात तसाच राहिला, कागद वाळून गेला.

याला अध्यात्म म्हणायचं का? मी म्हणतो. देव भेटला म्हणून नाही. तेवढा वेळ ‘मी’ बाजूला होतो आणि समोरचं जसं आहे तसं आत येतं, म्हणून.

करून बघायचं असेल तर मेणवलीच हवी असं नाही, सोसायटीतला कडुनिंब चालेल. ३०० जीएसएमचा कागद घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. रंग तीनच. आणि आधी फोटो काढू नका. एकदा काढला की तुम्ही फोटो रंगवता, झाड नाही.

परवा रविवारी आई मेथी निवडत होती. वही घेऊन समोर बसलो.

‘काय रे, असा काय बघतोयस?’

म्हटलं, हलू नकोस ना जरा.

‘कुकर लावायचाय,’ म्हणाली आणि उठली.