डबक्यातले तेल आणि नोटेतला धागा

डबक्यात तेलाचा थेंब पडला की पाण्यावर निळे, हिरवे, जांभळे पट्टे दिसतात. तेलात तर तो रंग नसतो. मग आला कुठून?

तेलाचा फार पातळ पापुद्रा पाण्यावर पसरतो. उजेडाचा काही भाग त्या पापुद्र्याच्या वरून परततो, काही भाग त्याच्या तळावरून. दोन्ही एकमेकांत मिसळले की काही रंग जोर धरतात, काही विरतात. मान तिरपी केली की उजेडाची वाट बदलते आणि रंगही पालटतो. साबणाच्या फुग्याचे असेच. पैठणीच्या धूपछाँवाची गोष्ट निराळी बरे का! तिथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो.

कारखान्यात हीच करामत अभ्रकावर करतात. अभ्रक तुम्ही पाहिला असेल. विजेच्या इस्त्रीत त्याचे पातळ पत्रे असत. त्याचा बारीक चुरा पाण्यात ढवळून, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पदार्थाचा थर चढवतात. मग भट्टीत भाजतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतल्या पन्नासेक भागांइतका थर रुपेरी दिसतो. थर वाढवत नेला की सोनेरी, तांबडा, निळा, हिरवा. पदार्थ तोच, फक्त जाडी बदलते! मोटारी, बांगड्या, गुंड्या, लग्नपत्रिका यांवरची झळाळी पुष्कळदा हीच असते.

आपल्या देशात झारखंडच्या कोडरमा आणि गिरिडीह भागांत अभ्रक सापडतो. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच खाणी बंद पडल्या. तरी गरीब माणसे जुन्या ढिगांतून अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. शाळा सोडून पोरेही जातात. बिळासारख्या खड्ड्यांत उतरावे लागते, आणि माती ढासळून माणसे दगावली आहेत. लहान पोराच्या बोटांनी वेचलेली झळाळी आम्हांला तरी गोड लागत नाही. काही कारखाने आता भट्टीत केलेला कृत्रिम अभ्रक वापरतात, हे बरे झाले.

रंग पालटण्याचा हा गुण नोटेच्याही कामी येतो. नक्कल काढणाऱ्या यंत्राला एका वेळी एकच रंग टिपता येतो, पालटणारा रंग त्याला उतरवता येत नाही. २०१६ पासूनच्या ५०० च्या नोटेत एक उभा धागा आहे. नोट सरळ धरली तर तो हिरवा दिसतो, तिरपी केली की निळा. बाजारात माल विकून पैसे हातात आले की हे जरूर पाहा. देणारा घाई करील, करू द्या. नोट उजेडासमोर धरून गांधीजींचा चेहराही पाहा. त्या धाग्यावर ‘भारत’ असे छापले आहे. तीनच अक्षरे आहेत, आता तुम्हांला वाचता येतील.