नायकाची यात्रा आणि गोदीतले हमाल

सिनेमा पाहून आलेल्या माणसाला ‘गोष्ट काय होती?’ असे विचारावे, तर तो बहुधा एकट्या नायकाचीच हकिकत सांगतो. पोरगा गरीब होता, त्याच्यावर संकट आले, तो घराबाहेर पडला, वाटेत कोणी जाणता म्हातारा भेटला, शेवटी त्याने दुष्टाला लोळविले. नावे बदलली, वेष बदलले, तरी ही हकिकत शेकडो चित्रपटांना लागू पडते. असे का व्हावे, याचा शोध घेणाऱ्यांचे म्हणणे प्रथम सांगावे आणि मग एका कामगार कार्यकर्त्याला त्यात काय खटकले ते मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा श्रोत्यांनी पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

१९४९ साली जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन अभ्यासकाने ‘सहस्रमुखी नायक’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. देशोदेशींच्या पुराणकथा पुढे ठेवून त्याने म्हटले की, या साऱ्यांच्या तळाशी एकच कथा आहे. तिचे टप्पे तीन : प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन. नायकाला हाक येते. बहुधा तो प्रथम कां-कूं करतो. मग उंबरठा ओलांडून अनोळखी मुलुखात शिरतो. तेथे कसोटीला उतरून काही एक वरदान मिळवितो आणि ते घेऊन आपल्या माणसांत परत येतो. यातील शेवटचा टप्पा सर्वांत अवघड, हे कॅम्बेलने बुद्धाचे उदाहरण देऊन दाखविले आहे. बोधी प्राप्त झाल्यावर, हे लोकांना सांगून समजेल काय, असा संशय खुद्द बुद्धालाही पडला होता. मिळविणे एक आणि मिळविलेले वाटणे दुसरे! ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कथेतील माणसांचेही ठरीव साचे असतात. युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने मनाच्या खोल थरांतील अशा साच्यांचा विचार मांडला. आपल्याकडचे समीक्षक त्यांना ‘आदिबंध’ म्हणतात. वाट दाखविणारा गुरू, सांगावा आणणारा दूत, उंबरठ्यावर अडविणारा पहारेकरी, आज मित्र तर उद्या वैरी वाटणारा बहुरूपी, हसविता हसविता खरे बोलणारा विदूषक आणि नायकाच्याच मनातला काळोख जणू बाहेर उभा राहावा अशी ‘छाया’. क्रिस्टोफर व्होग्लर या हॉलिवूडमधील गृहस्थाने हे सारे पटकथालेखकांच्या उपयोगी पडेल असे सुटसुटीत करून १९९२ साली पुस्तकरूपाने दिले. तेव्हापासून कित्येक पटकथा या पुस्तकाच्या मापाने बेतल्या जाऊ लागल्या. शिंप्याने कागदी साचा ठेवून कापड कापावे, तसाच हा प्रकार. सदरा अंगाला बसतो, यात वाद नाही.

जॉर्ज ल्यूकसचा ‘स्टार वॉर्स’ (१९७७) हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. ल्यूकसने कॅम्बेल वाचला होता व ते ऋण तो मान्य करीत असे. शेतावर राबणाऱ्या ल्यूकला यंत्रमानवाकडून एका राजकन्येचा निरोप मिळतो. वृद्ध ओबी-वान त्याला बोलावतो, ल्यूक घरच्या कामाची सबब सांगतो. घरी येऊन पाहतो तो चुलता-चुलती मारली गेलेली! मग तो निघतो. पैशासाठी सोबत आलेला हान सोलो लढाईच्या तोंडावर निघून जातो आणि नेमक्या क्षणी परततो. हाच तो बहुरूपी. याहून अधिक सांगण्याचे कारण नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना सारे जागच्या जागी दिसेल.

आता आपल्या घरचे उदाहरण. सलीम-जावेद यांनी लिहिलेला व यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेला ‘दीवार’ १९७५ साली आला. आम्ही तो प्रथम गणपतीच्या मांडवात, पांढऱ्या चादरीवर पाहिला. मुंबईच्या गोदीत हप्ता देण्यास नकार देणारा एक हमाल जिवास मुकतो. विजयला येणारी हाक ती हीच. पुढच्या आठवड्यात आणखी एक हमाल नकार देईल, असे तो रहीमचाचाला सांगतो. ७८६ क्रमांकाचा बिल्ला म्हणजे पुराणातल्या नायकाला मिळणारे दैवी कवच. गुंडांच्या गोदामात शिरून तो आतून कुलूप लावतो, तो उंबरठा. डावर हा गुरू, पण वाट चुकविणारा. सख्खा भाऊ रवी पोलीस अधिकारी होऊन समोर उभा राहतो. अखेरीस तो बिल्ला हातून सुटतो आणि विजय देवळात आईच्या मांडीवर प्राण सोडतो. परत आला खरा, पण रिकाम्या हाताने.

या चित्रपटाची सुरुवात लोक लवकर विसरतात. विजयचा बाप खाणकामगारांचा पुढारी असतो. मालक त्याची बायकामुले ताब्यात घेऊन त्याच्याकडून करारावर सही घेतात, आणि लढा मोडतो. लोक त्या बापाला चोर ठरवितात व मुलाच्या हातावर तसे गोंदवितात. प्रेक्षक येथे हळहळतो, आम्हीही हळहळतो. पण त्याबरोबर आमच्या मनात दुसराच प्रश्न उठतो. एका माणसाच्या सहीने जो लढा मोडतो, तो एका माणसाच्या खुंटीवर टांगला कोणी? कामगारांची समिती कोठे होती? सहीपूर्वी सभा का झाली नाही? पटकथेत तिला जागा नाही, कारण आदिबंधांच्या यादीत समिती नावाचे पात्रच नाही!

हा विनोद नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आमचे वडील त्यांतलेच एक. आम्ही बारा वर्षांचे होतो. चाळीच्या जिन्यावर रोज संध्याकाळी एकच प्रश्न ऐकू येई, ‘पुढारी काय म्हणाले?’ आपण काय करावयाचे, असे कोणी कोणाला विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्या वर्षी शाळा सुटली. ती माणसे भित्री नव्हती. त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती, तिच्यात त्यांना उमेदवारी नव्हती, प्रेक्षकाचीच जागा होती.

सगळेच चित्रपट असे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. बी. आर. चोप्रांच्या ‘नया दौर’मध्ये (१९५७) टांगेवाला शंकर मोटारबसशी शर्यत लावतो, तेव्हा रस्ता बांधावयास गावचे हात लागतात. टांगा एकटा पळतो, रस्ता एकट्याचा नसतो. त्यामुळे ती शर्यत पाहताना आमचे डोळे घोड्यापेक्षा खडीकडे अधिक जातात.

आणि वरदानाचे काय? पडद्याबाहेर, बाजारपेठेतल्या हमालांना ते १९६९ साली मिळाले. त्याचे नाव महाराष्ट्र माथाडी कायदा. धन्याने मजुरी मंडळाकडे भरावयाची, वर लेव्ही द्यावयाची आणि मंडळाने ती हमालाला पोचवावयाची, अशी ही योजना. मजुरीच्या वाटेत हात घालणाऱ्याला तिने आडकाठी घातली. या चळवळीशी अण्णासाहेब पाटलांचे नाव जोडले जाते व ते यथार्थच आहे. परंतु ते १९८२ साली गेले, आणि त्यानंतरही टोळ्यांच्या नोंदी, हजेरीपट, पगाराचे हिशेब चालूच राहिले. या कारकुनीचा चित्रपट कोण काढणार? हजेरीपटावर सही करणाऱ्या मुकादमाला पार्श्वसंगीत कोण देणार?

आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात आम्ही ‘दीवार’मधला गोदामाचा प्रसंग दाखवितो. टाळ्या पडतात, शिट्या पडतात. मग दिवे लावून विचारतो : विजय डावरबरोबर निघून गेला; त्यानंतरच्या आठवड्यात गोदीत हप्ता मागायला कोणी आले असेल काय? प्रथम सारे गप्प बसतात. गेल्या खेपेस मागच्या रांगेतला एक वयस्क हमाल म्हणाला, ‘‘आले असतील की. पण विजय नव्हता, मग दिलाच असेल.’’ त्यावर त्याच्या शेजारचा पोरगा उठला आणि म्हणाला, ‘‘का म्हणून? बाकीचे किती जण होते ते तर मोजा!’’ वर्ग नऊला संपावयाचा. त्या दिवशी पावणेअकरा वाजले.