वडी किसण्याआधी पाणी पाहा

बंगळुरूच्या सोसायट्यांमध्ये धुण्याचे द्रव घरीच करण्याची हौस चांगली रुजली आहे. कुणी साबणाची वडी किसून, धुण्याचा सोडा घालून आठ-दहा लिटर दाटसर द्रव करतो, कुणी रिठे उकळतो, तर कुणी मोसंबीच्या साली गूळपाण्यात तीन महिने आंबवून बायोएन्झाइम करतो. समजूत बहुतेकांची एकच: घरी केले म्हणजे रसायन नाही, आणि रसायन नाही म्हणजे कपड्यांना नि तलावांना निर्धोक. पण वडी काही झाडाला लागत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानाने याच शहरात साबण बनवायला घेतला, तोही तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासूनच. बाजारात ‘घरी बनवा’ म्हणून ॲसिड स्लरीचे संच मिळतात. त्यातला मळ काढणारा घटक तर दुकानातल्या पावडरीतलाच असतो. त्यामुळे बाटली कुठे भरली याला फारसा अर्थ नाही. ती कोणत्या पाण्यात ओतणार, हा खरा प्रश्न.

बंगळुरूत एका गल्लीत कावेरीचे पाणी, तर पुढच्या गल्लीत बोअरचे किंवा टँकरचे. कावेरीचे पाणी तुलनेने मऊ. बोअरच्या पाण्यात खडकातून आलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. हेच जड पाणी. शाळेच्या पुस्तकात आपण यालाच दुष्फेन पाणी म्हणत होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. मधला 300 चा आकडा घेऊ. 20 लिटरच्या बादलीत 6 ग्रॅम कठीणता झाली, आणि रसायनशास्त्राच्या हिशेबाने ती सुमारे 36 ग्रॅम साबण गिळते, मळाला हात लागण्याआधीच. आता घरचे द्रव पाहा. दीडशे ग्रॅमची वडी दहा लिटरमध्ये विरघळवली, तर 200 मिलिलिटरच्या मापात साबण येतो अवघा 3 ग्रॅम. द्रव दाट दिसते ते साबण थंड झाल्यावर जेलीसारखा जमतो म्हणून, त्यात साबण जास्त आहे म्हणून नव्हे. सोडा थोडी मदत करतो, पण मॅग्नेशियमपुढे तो कमी पडतो. उरलेल्या कठीणतेने साबण फाटतो आणि त्याचा चिकट साका धाग्यांत बसतो. पांढरे कपडे काही महिन्यांत राखाडी आणि टॉवेल खरखरीत होतात, ते यामुळे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आपल्या आज्या साबणानेच धूत होत्या. धूत होत्या, पण त्यांनी कपडे उकळले, दगडावर आपटले, वडी थेट कपड्याला घासली आणि वाहत्या पाण्यात खळबळून काढले. मशीनच्या मोजक्या पाण्यात यातले काहीच होत नाही. डिटर्जंट उपयोगी पडतात ते जड पाण्याच्याच अडचणीवर, कारण त्यात ते साबणासारखे फाटत नाहीत.

बायोएन्झाइमचे नाव त्याच्या कामापेक्षा मोठे आहे. ते मुख्यतः आंबट द्रव असते. नळावरचे पांढरे डाग त्याने सुटतील, ओला कचराही सत्कारणी लागेल. पण ते साबणाच्या द्रवात मिसळले, तर आम्लामुळे साबण मोडून मेदाम्लांचे कण होतात. म्हणजे दोन चांगल्या वस्तूंचे मिळून एक निकामी मिश्रण! रिठ्याची गोष्ट वेगळी. त्यातले सॅपोनिन जड पाण्यातही फेसते आणि रेशीम, लोकर यांना सोड्यासारखे जाळत नाही. म्हैसूर सिल्कची साडी असेल तर रिठेच बरे. तेलकट कॉलरपुढे मात्र ते हरते आणि काढा दोन-चार दिवसांत नासतो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हेही खरे नाही. मासे गुंगवून पकडायला रिठ्याचा वापर होत आला आहे.

राहिले तलाव. 2015 मध्ये शहरातल्या बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांचा फेस रस्त्यावर आला, तेव्हापासून डिटर्जंट हा खलनायक ठरला. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पश्चिम जर्मनीतल्या नद्याही अशाच फेसाळत होत्या. 1960 च्या दशकात तिथे आणि अमेरिकेत सूक्ष्मजीवांना सहज पचणारे सरळ साखळीचे डिटर्जंट रेणू वापरात आले, आजही तेच चालतात. अडचण अशी, की ते पचायला ऑक्सिजन लागतो आणि सांडपाण्याने भरलेल्या तलावात तोच नसतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांना आढळले, की हे रेणू गाळाला चिकटून राहतात आणि पावसात गाळ ढवळला की सुटून फेस उठवतात. साबण यापेक्षा लवकर पचतो आणि त्यात फॉस्फेट नसते, हे घरच्या द्रवाच्या बाजूने प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. तरीही प्रक्रिया न झालेले सांडपाणी तलावात येत राहिले, तर किसलेल्या वड्यांनी बेळ्ळंदूर सुधारणार नाही.

आपले पाणी कसले, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. झाकणाच्या बाटलीत नळाचे पाणी अर्धे भरावे, विरघळलेल्या साबणाचे काही थेंब टाकून जोरात हलवावे. फेस टिकला आणि खालचे पाणी स्वच्छ राहिले, तर घरचे द्रव खुशाल करावे. दह्यासारखे कण दिसले तर नको. मग पर्याय पावसाच्या पाण्याचा. याच शहरात 2009 पासून ठरावीक आकाराच्या घरांना पावसाचे पाणी साठवणे किंवा मुरवणे सक्तीचे आहे. साठवलेले ते पाणी साबणासाठी सगळ्यात मऊ. मुरवलेले मात्र खडकातले क्षार घेऊन बोअरमधून परत येते.