नट आवळावा, पण किती?



दसऱ्याला आपण ट्रॉली, ट्रॅक्टर, जुनी जीप धुऊन-रंगवून घेतो. आम्हीही ऊसविकास विभागाची जुनी जीप रंगवली. चाकाच्या डिस्का काढून दोन हात जाड रंग दिला आणि नट पक्के आवळले. आठवड्याने चाकणहून आळंदीकडे येताना पुढच्या चाकातून टक्-टक् आवाज येऊ लागला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. पाचांपैकी एक स्टड तुटलेला, दोन नट बोटाने फिरत होते, डिस्कची भोकं लांबट झालेली. मागून उसाची ट्रॉली येत होती. थोडक्यात वाचलो.

चूक आमचीच. नट बसतो त्या जागी रंग राहिला होता. गाडी चालली तसा रंग दबला, झिजला आणि नट सैल पडले.

चाकाचा भार स्टडवर टांगलेला असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणतो आणि डिस्कला ड्रमवर दाबून धरतो. त्या दाबावरच चाक टिकते. दाब कमी पडला तर डिस्क हलते आणि स्टड वाकून-वाकून तुटतो. उलट फाजील आवळले तर स्टड कायमचा ताणतो, आटे जातात, ड्रम वाकडा होऊ शकतो.

मग माप किती? अर्धा इंची स्टडच्या जुन्या जीपला साधारण 9 ते 12 किलोग्रॅम-मीटर पुरते. आता हिशेब करा. 70 किलोचा गडी एक फुटी पान्याच्या टोकावर उभा राहिला की 21 किलोग्रॅम-मीटर होतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट! पान्याला तीन फुटी पाइप घातला तर 60 च्या वर. तोच गडी पाय न देता हाताने 30-35 किलोचा जोर लावील तर काम भागते. ट्रॅक्टर, ट्रक, ट्रॉलीचे माप वेगळे आणि जास्त असते. ते त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

लक्षात ठेवा:
1. नट बसण्याची जागा, डिस्कची पाठ आणि ड्रम स्वच्छ हवा. रंग, माती, गंज नको.
2. आट्यांना तेल-ग्रीस लावू नये. त्याच जोरात नट जादा ताणला जातो.
3. नटाची निमुळती बाजू डिस्ककडे.
4. शेजारचा नट न घेता समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. शेवटची फेरी चाक जमिनीला टेकवून.
5. चाक काढून बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.
6. नटाभोवती तांबूस ओघळ दिसला तर नट सैल समजा.
7. विलीज घडणीच्या जुन्या जीपना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. जोर लावण्यापूर्वी बघा.

आपली कितीतरी मुलं पिंपरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत नोकरीला आहेत. तिथे गाडीचे नट मापाच्या पान्यानेच आवळतात. मुलगा तिकडे माप मोजतो आणि बाप इकडे पान्यावर नाचतो, हे काही बरे नव्हे! चार-पाच सभासदांनी मिळून एक टॉर्कपाना घेतला तर कुणाला जड जाणार नाही.

गळीत हंगामात एक चाक निसटले तर ऊस रस्त्यावर पडेल तो पडेल. पण मागून मोटारसायकलवर कुणाचे तरी लेकरू येत असते. तेव्हा पहिली खेप भरण्याआधी पाना हातात घ्याच.

— ऊसविकास अधिकारी